एकेचाळिसाव्या मिनिटाच्या पुढे

सिनेमा थांबला नाही, एवढंच झालं. पडद्यावरचा म्हातारा सेल्समन दारासमोर उभा राहिला, त्यानं टाय सारखा केला, बेल दाबली, दोन पावलं मागे सरकला आणि दार उघडायच्या आधीच हसला. आणि माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप खाली दाबला गेला. हातात रिमोट नव्हता, बिस्किट होतं, त्याचे दोन तुकडे झाले. पुतणीनं वळून बघितलं. "काय झालं, काका?" "काही नाही. इथे मी थांबवायचो." "माहीत आहे मला," ती म्हणाली आणि पुन्हा लॅपटॉपकडे वळली. बावीस वर्षं मी हा सिनेमा दाखवला, दर महिन्याला एका नव्या तुकडीला, म्हणजे अडीचशेच्या वर वेळा, आणि प्रत्येक वेळी एकेचाळिसाव्या मिनिटाला, त्या हसण्यावर, बटण दाबून थांबवला. पुढे आणखी तासभर सिनेमा आहे हे कॅसेटच्या डबीवर छापलेलं होतं. तो तासभर मी कधी बघितला नव्हता. लोकांना हे सांगितलं तर कोणाला पटणार नाही, म्हणून कोणाला सांगितलंही नव्हतं. आता समोर तो चालू होता आणि मी बशीतले चुरे बोटानं गोळा करत बसलो.

आमची कंपनी घरोघरी जाऊन व्हॅक्यूम क्लीनर विकायची. मी आधी दहा वर्षं लोकांचे उंबरठे झिजवले आणि मग ते कसे झिजवायचे हे नव्या लोकांना शिकवायला लागलो. शिकवायची खोली दुसऱ्या मजल्यावर, गोडाऊनच्या डोक्यावर. वीस खुर्च्या, चाकाच्या स्टँडवर टीव्ही, आणि लावल्यावर बराच वेळ विचार करून मगच पेटणारी एक ट्यूबलाइट. तिथे मी नियम सांगायचो. बेल एकदाच वाजवायची. वाजवली की दोन पावलं मागे, म्हणजे दार उघडणाऱ्याला हा अंगावर आला असं वाटत नाही. लिफ्ट घ्यायची नाही, जिन्यानं चढायचं, म्हणजे एकही दार सुटत नाही. बेलच्या आधी मनात पाचपर्यंत मोजायचं आणि आतला कानोसा घ्यायचा: रेडिओ, नळ, भांडी, मुलाचं रडणं. बेलनंतर तो आवाज तसाच चालू राहिला तर पुन्हा एकदा वाजवायला हरकत नाही, कदाचित ऐकू गेलं नसेल. पण आवाज थांबला, तर समजायचं की माणूस घरात आहे आणि त्याला दार उघडायचं नाही. रागवायचं नाही. प्रत्येक दाराचं एक निळं कार्ड असायचं, पत्ता, तारीख, वेळ आणि काय झालं ते. त्यावर लिहायचं, 'आवाज थांबला. घरात आहेत. पुन्हा येणे.' आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळेला जायचं. कार्डात चूक झाली तर खाडाखोड करायची नाही. एक सरळ रेघ, बाजूला बरोबर मजकूर, खाली सुपरवायझरची सही आणि तारीख. हे सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं. वर्गात ते सांगताना माझा आवाज थोडा जड व्हायचा आणि ते मला आवडायचं.

मग दोन सिनेमे. पहिल्यात एक तरुण शिलाई मशीन विकतो, चढत चढत साहेब होतो, आणि शेवटी साहेबाच्या खुर्चीत बसून खिडकीचा पडदा बाजूला सारतो. मधे तो आपल्या जिवलग मित्राचं गिऱ्हाईक पळवतो आणि मित्र त्याच्याशी बोलणं सोडतो. तो भाग मी पुढे पळवायचो, वेळ नाही म्हणून. दुसरा या म्हाताऱ्याचा. हा ब्रश विकतो, नाना तऱ्हेचे ब्रश, बुटांचे, कपड्यांचे, बाटल्यांचे, एका तपकिरी बॅगेत. त्याचा पहिला निम्मा भाग फार सुरेख आहे, म्हातारा पावसापाण्यातून हिंडतो, कुत्री मागे लागतात, तरी दारासमोर आला की हसतो. तिथे थांबवून मी वर्गाकडे वळायचो. "बघितलंत? दार उघडायच्या आधी हसू. विकणारा म्हणजे हा." एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकत्र करून मी खरं म्हणजे तिसराच सिनेमा बनवला होता, ज्यात भूक म्हाताऱ्याची होती आणि खुर्ची तरुणाची. वरच्या साहेबांना तो फार आवडला. त्यांनी बाकीच्या शाखांतल्या लोकांना माझा वर्ग बघायला पाठवलं.

पुतणी कॉलेजात सिनेमा शिकवते. सेल्समनवरच्या सिनेमांत महत्त्वाकांक्षा कशी दाखवतात आणि अगतिकता कशी, यावर तिला एक मोठा लेख लिहायचा होता. तिच्याकडे सगळे सिनेमे होते, पण माझ्याबरोबर बसून बघायचे होते. "तुम्ही दारं बघितलीत, मी फक्त पडदे," असं ती फोनवर म्हणाली. मी लगेच हो म्हटलं. बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगा परदेशातून फोन करतो आणि हवा कशी आहे ते विचारतो. माझ्या घरी येणारं माणूस म्हणजे हीच एक. तीन रविवार ती जेवणानंतर येत होती. मी आदल्या दिवशी बिस्किटं आणून ठेवायचो आणि तिच्यासाठी भिंतीकडची खुर्ची पुसायचो. पहिल्या रविवारी शिलाई मशीनवाला, दुसऱ्या रविवारी एक नवा सिनेमा, ज्यात सहा माणसं एका हॉलमध्ये बसून फोनवरून जमिनीचे तुकडे लोकांच्या गळ्यात मारतात आणि एकमेकांवर खेकसतात. आज म्हातारा.

तिचं म्हणणं असं होतं की महत्त्वाकांक्षा नेहमी समोरून दाखवतात आणि अगतिकता पाठीमागून. "त्या मशीनवाल्याची मान पूर्ण सिनेमात एकदाही दिसत नाही, काका. चेहराच चेहरा. आणि या म्हाताऱ्याची मान बघा." मी बघितली. कॉलरच्या वर वाढलेले पांढरे केस, कानामागे साबण नीट न धुतल्याचा एक डाग. मला धाकट्याची मान आठवली. पुतणीचे वडील म्हणजे माझा धाकटा भाऊ. मीच त्याला कंपनीत आणला, आणि त्याचा सुपरवायझरही मीच. सुरुवातीचा आठवडा आम्ही दोघं मिळून दारं करायचो, तो पुढे आणि मी मागे, साडेसात किलोचं यंत्र त्याच्या खांद्याला, आणि जिना चढताना माझ्या डोळ्यांसमोर सतत त्याची मान. तिच्यावर एक तीळ होता. आईनं त्याला लहानपणी सांगितलं होतं की मानेवर तीळ असणाऱ्याला ओझं वाहावं लागतं, आणि तो हे गिऱ्हाइकांना सांगून हसवायचा, आणि यंत्र विकायचा. चांगलाच विकायचा. वर्गात मागच्या रांगेत बसून त्यानं हा सिनेमा बघितला तेव्हा मी थांबवल्यावर त्यानं हात वर केला होता. "दादा... म्हणजे सर, पुढे काय होतं म्हाताऱ्याचं?" वर्ग हसला. मी म्हणालो, "पुढे सगळं घरगुती आहे." धाकट्याचं हसू थांबायला वेळ लागला. "मग माझ्या कामाचं तेच आहे," तो म्हणाला.

फोनवाल्या सिनेमाबद्दल मी तिच्याशी वाद घातला होता. त्यातली माणसं खुर्च्या फेकतात, शिव्या देतात, रडतात. मी म्हटलं, हे खोटं आहे. अगतिक माणूस आरडाओरडा करत नाही. आरडाओरडा करायला अजून थोडी आशा लागते. अगतिक माणूस जिन्यात बसायला लागतो. आधी तिसऱ्या मजल्यावर मिनिटभर, मग दुसऱ्यावर पाच मिनिटं, आणि कोणी आलं की बुटाची नाडी बांधत असल्याचं दाखवतो. तिनं पेन उचललं. "हे फार चांगलं आहे. कुठे बघितलंत?" मी म्हटलं, "असंच, धंद्यात." मी ते बघितलेलं नव्हतं. मला ते धाकट्यानं सांगितलं होतं, माझ्या केबिनमध्ये, खुर्चीवर न बसता, तिच्या पाठीला धरून. "दादा, जिने चढताना बरं वाटत नाही. मधेच बसावं लागतं. मला खाली गोडाऊनमध्ये घे ना. तिथली जागा रिकामी आहे म्हणतात." मी कागद चाळत होतो. महिनाभरात मी सगळ्या शाखांच्या प्रशिक्षणाचा मुख्य होणार होतो, आणि साहेब दोनदा बोलून गेले होते की भावाला सांभाळून घेतो असं कोणी म्हणायला नको. "बघू," मी म्हणालो. "डॉक्टरकडे जाऊन ये. आणि तो म्हातारा आठव, त्याच्यापेक्षा तर तरुण आहेस." तो हसला. दार उघडायच्या आधीचं हसू मीच त्याला शिकवलं होतं, म्हणून मला ते ओळखू यायला हवं होतं. मी वेळ मारून नेली. पुढचे काही दिवस तो समोर दिसला की मला टेबलाच्या खणात काहीतरी शोधायचं असायचं.

आणि हे असं सगळं असताना माझ्यासमोर बसलेली ही मुलगी तिचा लेख वडिलांवर संपवणार होती. मागच्या रविवारी जाताना तिनं ते सांगितलं. "पडद्यावरचे सगळे शेवटी मोडतात. पण खरा सेल्समन मी घरात बघितला, आणि तो मोडला नाही. तुम्हीच सांगितलं होतंत ना, शेवटच्या दिवसापर्यंत हसत जिने चढायचे." मी सांगितलं होतं. ती नऊ वर्षांची होती, घर माणसांनी भरलेलं होतं, ती माझ्या बाहीला धरून उभी होती आणि मला काहीतरी बोलणं भाग होतं. नऊ वर्षांच्या मुलीला सांगितलेली गोष्ट सव्वीस वर्षं टिकेल, आणि तिचं आयुष्य थोडंफार त्यावर उभं राहील, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात येतं? आता ती गोष्ट छापली जाणार होती. मूग गिळून बसलो तर माझं काहीच जाणार नव्हतं. बोललो तर रविवार जाणार होते. आठवडाभर मी हेच घोळवत होतो, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी रविवारच जिंकत होते.

पडद्यावर दार उघडलं नाही. म्हातारा हसतच उभा राहिला. कॅमेरा हलला नाही. मला वाटलं, आता उघडेल, आता उघडेल. अडीचशे वेळा मी वर्गाला जणू सांगितलंच होतं की उघडतं. मिनिटभर तो तसाच होता. मग हसू तोंडावर ठेवूनच त्यानं बॅग उचलली आणि शेजारच्या दाराकडे गेला. तेही उघडलं नाही. "बघा," पुतणी हळू आवाजात म्हणाली, "ते हसू त्याला काढून ठेवता येत नाही." त्यानंतर तासभर फार काही घडत नाही. कंपनी त्याची दारं काढून घेत जाते, आधी दोनच रस्ते ठेवते, मग एक. तो कोणावर ओरडत नाही. आणि शेवटी संध्याकाळी तो आपल्या घरी येतो, किल्ली खिशात असताना बेल वाजवतो, दोन पावलं मागे सरकतो आणि हसतो. बायको दार उघडते. त्याला तसं उभं बघून तिला सगळं कळतं. ती म्हणते, "या," जसं परक्याला म्हणतात, आणि सिनेमा संपतो. मी नाक शिंकरायला उठलो. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ हात धुतले. मला आमचं दार आठवत होतं, त्याला मधोमध असलेलं भिंग, आणि त्या भिंगातून दिसलेला धाकटा, दोन पावलं मागे.

परत आलो तेव्हा तिनं लॅपटॉप बंद केला होता आणि पिशवीतून रबर लावलेला एक निळा गठ्ठा काढला होता. तो निळा रंग मी इतक्या वर्षांनीही दारातूनच ओळखला. "आईनं घर बदललं ना, तेव्हा कपाटात सापडली. बाबांची शेवटच्या महिन्याची कार्डं. लेखात एखाद्याचा फोटो टाकावा म्हणते." तिनं दोन कार्डं वेगळी काढली. "एक विचारायचं होतं. ही दोन तुमच्या पत्त्याची आहेत. नातेवाइकांचीही कार्डं करायचात का?"

मी चष्मा लावला. धाकट्याचं अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं. पहिलं कार्ड, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. 'आवाज थांबला. घरात आहेत. पुन्हा येणे.'

चार वाजून दहा मिनिटांनी रेडिओवर नाटिका चालू होती. मी सुट्टी घेतली होती. बेल एकदाच वाजली. मी भिंगातून बघितलं, यंत्र नव्हतं, इस्त्रीचा शर्ट होता, आणि तो हसत होता. कशाला आलाय हे मला ठाऊक होतं. नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं आणि हो म्हणायची तयारी नव्हती. मी पाय न वाजवता मागे आलो आणि रेडिओ बंद केला. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली, मी तिला हातानं खूण केली. ती जागच्या जागी उभी राहिली. रेडिओ बंद करण्यातच मी फसलो हे मला तेव्हा सुचलं नाही. जे जगाला शिकवलं ते स्वतःच्या घरात आठवलं नाही. तो मनातल्या मनात मोजत असणार. मग जिन्यावर पावलं, सावकाश, एका मजल्यावर थांबून. बायको त्यावर मला कधी काही बोलली नाही. पण त्यानंतर, पार शेवटच्या आजारापर्यंत, बेल वाजली की ती आधी जाऊन रेडिओ मोठा करायची आणि मग दार उघडायची.

"काकू असेल घरात," पुतणी म्हणत होती. "एकटी असेल, भिंगातून नीट दिसलं नसेल, घाबरली असेल. मी तसंच समजले. कारण हे दुसरं बघा ना." दुसरं कार्ड दुसऱ्या दिवशीचं, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं. नियमाप्रमाणे वेगळी वेळ. 'आवाज नाही. घरात कोणी नाही.' "म्हणजे तुमची चुकामूक झाली," ती म्हणाली. "काय काम होतं कोण जाणे. अकराच दिवस राहिले होते त्यांचे."

ती मला वाट करून देत होती. तिला ते माहीतही नव्हतं. मला फक्त मान हलवायची होती, हो गं, चुकामूक झाली, आणि ती कार्डाला रबर लावून पिशवीत टाकणार होती. अकरा दिवसांनी धाकटा एका इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे बसला तो उठलाच नाही. यंत्र त्यानं भिंतीला नीट टेकवून ठेवलं होतं. वर येणारी पावलं थांबली म्हणून चौथ्या मजल्यावरची बाई बाहेर आली, आणि त्याची नाडी सुटलेली दिसली म्हणून तिला वाटलं, बूट बांधतोय.

"मी घरात होतो," मी म्हणालो.

"कधी?"

"दोन्ही दिवस. पहिल्या दिवशी मी रेडिओ बंद केला. तो आला आणि त्याला समजलं हे मला त्याच्या पावलांवरून कळलं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपासून रेडिओ लावलाच नाही. नळ सोडला नाही. काकूला बहिणीकडे पाठवलं आणि खुर्चीत बसून राहिलो. तो अकराला आला. मी ऐकत होतो. बाहेर तो ऐकत होता."

मग मी बाकीचं सांगितलं, गोडाऊनची जागा, जिन्यात बसणं, साहेब, महिनाभरावर आलेली माझी खुर्ची. हसत जिने चढायचा हे मी रचलेलं होतं, हेही सांगितलं. सांगताना माझा आवाज वर्गातल्यासारखा जड झाला नाही, बारीकच झाला. ती कार्डांकडे बघत होती. एकदा तिनं विचारलं, "त्यांनी आईला काहीच सांगितलं नाही?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." मग ती म्हणाली, "दुसऱ्या दिवशी तरी उघडायचं होतं, काका." मला त्या मुलीची माफी मागायची होती, पण मागितली असती तर ती देऊ की नको हे ओझं पुन्हा तिच्यावरच पडलं असतं, म्हणून मागितली नाही.

तिनं दुसरं कार्ड माझ्यासमोर सरकवलं आणि वर पेन ठेवलं. "चुकलेलं कार्ड कोणी दुरुस्त करायचं असतं?" तिला कुठून माहीत? बहुतेक बाबा घरी बसून कार्डं लिहायचे तेव्हा त्यांनी सांगितलं असेल. "सुपरवायझरनं," मी म्हणालो. 'आवाज नाही' हे खरं होतं, ते राहू दिलं. 'घरात कोणी नाही' वर मी एक सरळ रेघ मारली. रेघ सरळ आली, सवयीनं. बाजूला लिहिलं, 'घरात आहेत.' खाली सही केली. तारीख घालताना थबकलो आणि मग आजची घातली.

तिनं शाई वाळेपर्यंत वाट बघितली. कार्ड गठ्ठ्यात त्याच्या जागी ठेवलं, रबर लावलं, लॅपटॉपची वायर गुंडाळली. दारात चपला घालताना म्हणाली, "शेवट बदलावा लागेल." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "पुढच्या रविवारी जमेल असं वाटत नाही मला." मी पुन्हा हो म्हटलं. ती जिन्यानं गेली. मी दार लावून आत उभा राहिलो आणि तिची पावलं खाली पोचेपर्यंत ऐकली. ती कुठे थांबली नाही.

पुढच्या रविवारी मी बिस्किटं आणली, भिंतीकडची खुर्ची पुसली, आणि सकाळपासून रेडिओ लावून बसलो, बाहेर जिन्यापर्यंत ऐकू जाईल एवढा मोठा.